बालकांचें वर्तन आणि मोठ्यांचें कर्तव्य

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या पालकसभेंतील भाषण)



महोत्सवसमितीनें आम्हांस बोलावयास सांगितलें, तेव्हां आम्ही प्रथम नकारच दिला होता. पन्नास वर्षांचा हा आनंदाचा प्रसंग. देवळास तोरणें लागलेलीं, बँडवाल्यांना सांगावा गेलेला. अशा वेळीं बिथरलेल्या व दुःखी मुलांची कथा कोणास रुचेल, असें आम्हांस वाटलें. परंतु समितीचे एक वयोवृद्ध सभासद म्हणाले, "जीं मुलें या मांडवांत दिसणार नाहींत, त्यांच्याविषयीं बोला." त्यांच्या या शब्दांपुढें आमचा नकार टिकला नाहीं.

आमच्या धंद्यास 'बिहेविअर स्पेशालिस्ट' असें म्हणतात. मराठींत त्यास अद्याप सर्वांच्या तोंडीं बसलेलें नांव नाहीं. 'वर्तन-मार्गदर्शक' म्हटलें तरी चालेल. लग्नकार्यांत भेटणारे लोक म्हणतात, "म्हणजे तुम्ही खोडकर मुलांना वळण लावतां!" आणि लागलीच आपल्या नातवाची एखादी खोडी कौतुकानें सांगूं लागतात. खोडी हा आमचा विषय नव्हे. खोडकर मूल हें बहुधा निरोगी मूल असतें. आमच्याकडे येतें तें मूल निराळें. कोणी तासभर भिंतीवर डोकें आपटतें. कोणी शाळेचें नांव काढतांच ओकारी काढतें. कोणी हात इतके धुतें कीं कातडी सोलून निघते. कोणी आपल्या आईला चावतें आणि मग तिच्याच पदराखालीं लपून रडतें. यांपैकीं पुष्कळांची बुद्धि उत्तम असते. मन मात्र भीतीनें, शोकानें किंवा रोगानें इतकें भरलेलें असतें, कीं बुद्धीला तेथें उभें राहण्यास जागा उरत नाहीं.

अशीं मुलें थोडीं आहेत असें कोणी समजूं नये. २०१५-१६ सालीं आपल्या देशाच्या कांहीं राज्यांत जें राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण झालें, त्यांत तेरा ते सतरा वर्षांच्या मुलांपैकीं शेंकडा ७.३ मुलांस कोणता ना कोणता मानसिक विकार आढळला. साठ मुलांचा वर्ग धरला तर चार मुलें झालीं. आपल्या शाळांतील वर्ग केवढे असतात, हें आपणांस ठाऊकच आहे.

येथें एक खुलासा करणें जरूर आहे. आम्ही डॉक्टर नव्हे. रोगाचें निदान करणें व औषध देणें हें मानसोपचारतज्ज्ञांचें काम. बुद्धीच्या व मनाच्या परीक्षा घेणें हें मानसशास्त्रज्ञांचें. परंतु डॉक्टरांच्या खोलींत मूल महिन्यांतून अर्धा तास असतें. उरलेला सर्व काळ तें वर्गांत, ओटीवर, ताटावर आणि रस्त्यावर असतें. त्या उरलेल्या काळांत आम्ही काम करितों.

आमच्या कामाचें मुख्य साधन म्हणजे एक साधी आखलेली वही. तिच्या पानावर तीन रकाने असतात. पहिल्यांत वादळ उठण्यापूर्वीं काय घडलें तें लिहावयाचें. दुसऱ्यांत मुलानें नेमकें काय केलें तें. तिसऱ्यांत, त्यानंतर मोठ्यांनीं काय केलें व मुलाच्या पदरांत काय पडलें तें. दुसऱ्या रकान्यांत 'उद्धटपणा केला' किंवा 'अंगांत आल्यासारखें केलें' असें लिहिलेलें आम्हांस चालत नाहीं. 'कंपासपेटी फेंकली, ती खिडकीस लागली, चार मिनिटें ओरडला' असें लिहावें लागतें. शिक्षक व आईबाप हा दुसरा रकाना भराभर भरतात. पहिला भरतांना त्यांना कष्ट पडतात. तिसरा पुष्कळदां कोराच परत येतो. कारण तेथें स्वतःचें वर्तन लिहावें लागतें.

असें तीन-चार आठवडे लिहिल्यावर वहींतून कांहीं दिसूं लागतें. या शास्त्रांत मुलाच्या बिथरण्याचे सामान्यतः चार हेतु मानतात : कोणाचें लक्ष आपल्याकडे ओढून घेणें, हवी ती वस्तु मिळविणें, नकोशा गोष्टींतून सुटणें, आणि शरीराला कांहीं विशिष्ट सुख वा आराम मिळविणें. वर्तन एकच असलें तरी हेतु चार असूं शकतात. आणि हेतु ओळखण्यांत चूक झाली, तर उपायच अपाय होऊन बसतो. ही गोष्ट आम्ही पुस्तकांत वाचली होती. परंतु ती आम्हांस खऱ्या अर्थानें शिकविली एका नऊ वर्षांच्या मुलानें, आणि तें शिक्षण आम्ही त्याच्या पाठीवर घेतलें. ती हकीकत सांगतों. मुलाची ओळख पटूं नये म्हणून कांहीं तपशील आम्ही बदलले आहेत.

एका शाळेंतून आम्हांस बोलावणें आलें. मुलगा वर्गांत बाक ढकलतो, शेजारच्या मुलांचीं पुस्तकें खालीं पाडतो, बाई रागें भरल्या कीं हंसतो. आम्ही दोन दिवस मागच्या बाकावर बसून पाहिलें. बाक पडला कीं सारा वर्ग त्याच्याकडे वळे; मुलें हंसत; बाई धांवत येत. आम्ही मनाशीं म्हटलें, निदान झालें : मुलास लक्ष हवें आहे. आम्ही उपाय सांगितला. त्यानें गोंधळ घातला कीं कोणीं एक शब्द बोलूं नये, कोणीं त्याच्याकडे पाहूं नये. त्यास शांतपणें बाहेर व्हरांड्यांत, शिपाईकाकांच्या बाकावर दहा मिनिटें बसवावें.

गोंधळ वाढला. आठवड्यांतून दोनदां होत असे, तो रोज होऊं लागला. बाई चिंतेनें विचारूं लागल्या, तेव्हां आम्ही त्यांस सांगितलें, कीं असें वर्तन सुटण्यापूर्वीं प्रथम वाढतें, धीर धरा. हें खोटें नव्हे. ज्या हट्टाला आजवर फळ मिळत आलें त्याचें फळ बंद झालें, तर मूल कांहीं दिवस अधिक जोरानें हट्ट करितें, हें खरेंच आहे. परंतु खरी गोष्टसुद्धां मनुष्य आपली चूक झांकण्यास वापरूं शकतो, आणि आम्ही तेंच करीत होतों.

तीन आठवड्यांनंतर शिपाईकाकांनीं आम्हांस बाजूला घेतलें. ते म्हणाले, "साहेब, रागावूं नका, पण तो पोरगा बाहेर आला कीं अगदीं कोंकरू होतो. आणि मला रोज एकच विचारतो, वाचनाचा तास संपायला किती वेळ आहे?"

आम्ही घरीं जाऊन वही पुन्हां उघडली. पहिला रकाना आम्ही स्वतः भरला होता, तोही घाईनें : 'दुसरा तास, मराठी.' मराठीच्या तासाला बाई मुलांना ओळीनें उभें करून मोठ्यानें वाचावयास सांगत. बाक पडे तो नेहमीं त्याची पाळी येण्याच्या दोन-तीन मुलें आधीं. त्या मुलास अक्षरें लागत नव्हतीं. त्यास लक्ष नको होतें. सर्वांचें लक्ष त्याच्यावर खिळेल त्या क्षणापासून त्याला सुटका हवी होती. आणि आम्ही काय केलें? प्रत्येक गोंधळाबद्दल त्यास ती सुटका मोजून दिली. तीन आठवडे आम्ही त्यास बाक ढकलण्याची मजुरी देत होतों.

पुढचें सांगण्यास फार वेळ लागणार नाहीं. मोठ्यानें वाचणें बंद केलें. उद्यांच्या धड्यांतील तीन ओळी त्यास आदल्या दिवशीं घरीं देऊं लागलों. त्याच्या खिशांत एक निळें कार्ड ठेवलें. घाबरें झालें कीं तें बाकावर ठेवावयाचें आणि पांच मिनिटें पाणी पिऊन यावयाचें. सुटका मिळाली, पण ती बाक ढकलून नव्हे, मागून. मानसशास्त्रज्ञांकडून परीक्षा करविली. वाचनाची विशिष्ट अक्षमता निघाली, आणि तिच्यासाठीं निराळें शिक्षण सुरू झालें. गोंधळ एकदम थांबला नाहीं. सत्र संपेपर्यंत तो महिन्याकांठीं एक-दोनदां इतका उरला.

परंतु मुलाच्या आईला आम्ही हें सर्व समजावून सांगितलें, त्या दिवशीं ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "सर, त्या तीन आठवड्यांत शाळेची चिठ्ठी रोज घरीं येत होती. त्याच्या बाबांनीं त्याला रोज मारलें. तें आतां कोण परत घेणार?"

आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. आजही नाहीं. आम्ही मुलाची क्षमा मागितली. त्यानें आमच्याकडे पाहिलें आणि विचारलें, "उद्यां मला वाचायला लागेल का?" नाहीं म्हटल्यावर तो खेळावयास पळाला. त्या दिवसापासून आम्ही पहिला रकाना सर्वांत शेवटीं भरितों, आणि तो भरण्यापूर्वीं शिपाई, रिक्षावाले व खाऊच्या दुकानांतील मावशी यांना विचारितों.

माराचा विषय निघाला म्हणून सांगतों. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या सतराव्या कलमानें शाळेंत मुलास शारीरिक शिक्षा करणें व त्याचा मानसिक छळ करणें यांस मनाई आहे. आपल्यांतील कित्येक वडीलधारे म्हणतात, "आम्ही छडी खाल्ली म्हणून माणसांत आलों." आम्हीही खाल्ली आहे. परंतु आमच्या वहीचा तिसरा रकाना सांगतो, कीं मारानें वर्तन त्या क्षणीं थांबतें आणि दुसऱ्या जागीं निघतें : घरीं मार खाल्लेला मुलगा शाळेंत चावतो. संत जॉन बॉस्को यांनीं तुरुंगांतून सुटलेल्या व रस्त्यावर वाढलेल्या मुलांमध्यें तुरीन शहरीं आयुष्य वेंचलें. त्यांनीं १८७७ सालीं आपल्या पद्धतीविषयीं एक छोटें टिपण लिहिलें. नियम सांगून मग अपराध्यास पकडावयास टपून बसणें ही एक रीत. आणि मुलांमध्यें स्वतः वावरून अपराधाचा प्रसंगच येऊं न देणें ही दुसरी. त्यांनीं दुसरी पत्करली. आमच्या आजच्या शास्त्राची भाषा निराळी आहे. पण पहिला रकाना म्हणजे दुसरें काय आहे?

आतां शांत मुलांविषयीं. गोंधळ घालणारें मूल निदान कोणाच्या तरी डोळ्यांवर येतें. जें मूल कोणालाच त्रास देत नाहीं, त्याच्यासाठीं आम्हांस कोणी बोलावीत नाहीं. चौदा वर्षांची एक मुलगी आम्हांस अपघातानेंच भेटली; आम्ही तिच्या धाकट्या भावासाठीं त्या घरीं जात होतों. शाळेंत ती आदर्श, घरांत कामसू, शेजाऱ्यांच्या तोंडीं तिचें कौतुक. मे महिन्याच्या उकाड्यांत ती लांब बाह्यांचा सदरा घालून बसलेली असे. आम्ही तिच्या आईच्या परवानगीनें तिच्याशीं बोललों, आणि तिला सरळ विचारलें, "मरून जावें असें तुला कधीं वाटतें का?" आई दचकली. पुष्कळांना अशी भीति वाटते, कीं विचारल्यानें हा विचार मुलाच्या डोक्यांत शिरेल. तसें होत नाहीं. या प्रश्नाचा अभ्यास झालेला आहे आणि विचारल्यानें धोका वाढत नाहीं असेंच त्यांतून निघालें आहे. मुलीनें बाही वर केली. आम्ही तिला एवढेंच सांगितलें, कीं तूं सांगितलेंस हें फार बरें केलेंस. पण ही गोष्ट आम्ही आपल्यापाशीं गुप्त ठेवूं शकत नाहीं, तुझी आई व डॉक्टर यांना सांगावीच लागेल. ती म्हणाली, "आईला सांगा. आजीला सांगूं नका."

आजीला कळलेंच. तिनें मीठमिरच्यांनीं नातीची दृष्ट काढली. त्यास आम्ही कांहीं हरकत घेतली नाहीं. आजीचा हात नातीच्या डोक्यावरून फिरला, तेवढें बरेंच झालें. परंतु पुढें दोन महिन्यांनीं मुलगी हंसूं-बोलूं लागली, तेव्हां "उद्यां लग्नाच्या वेळीं कोणी विचारलें तर?" म्हणून आजीनेंच गोळ्या बंद करविल्या, त्यास आम्ही स्पष्ट विरोध केला. मनावरच्या औषधांपैकीं कित्येक एकाएकीं सोडणें धोक्याचें असतें. तीं कमी करावयाचीं तर डॉक्टरांच्या सांगण्यानें हळूहळू करावीं लागतात. आम्ही आजीला समजावण्याचा यत्न केला नाहीं, कारण तिचें आमच्यापुढें चाललें असतें आणि आमचें तिच्यापुढें नाहीं. आम्ही तिला घेऊन डॉक्टरांकडे गेलों व तिचेच प्रश्न तिलाच विचारूं दिले. गोळ्या पुन्हां सुरू झाल्या. ज्यांच्या घरीं रात्रीबेरात्रीं असा प्रसंग ओढवेल, त्यांच्यासाठीं सांगून ठेवतों : 'टेली-मानस' ही सरकारी दूरध्वनिसेवा २०२२ च्या ऑक्टोबरांत सुरू झाली आहे, तिचा क्रमांक १४४१६, ती अहोरात्र चालते व मराठींत बोलतां येतें. संकटांतील मुलासाठीं १०९८ हा क्रमांक तर १९९६ पासूनचा, आणि त्याचा आरंभ मुंबईंतच झाला.

हें सर्व नवीन फॅड आहे, आपल्या पूर्वजांना असलें कांहीं ठाऊक नव्हतें, असें कोणी म्हणेल. मुंबईंत १९३६ सालीं नागपाड्यांत सर दोराबजी टाटा यांच्या नांवाचें समाजकार्याचें विद्यालय निघालें, आणि पुढच्याच वर्षीं त्या विद्यालयानें बालमार्गदर्शनाचें केंद्र उघडलें. म्हणजे आमच्या आजोबांच्या काळीं हें काम आपल्या दाराशीं आलें होतें. याहून जुनी गोष्ट बेल्जम देशांतील गील नांवाच्या गांवची. तेथें संत डिम्फ्ना हिचें देऊळ आहे. मनाचे रोगी बरे व्हावे म्हणून मध्ययुगांत लोक त्यांस तेथें घेऊन येत. देवळापाशींची जागा पुरेना, तेव्हां गांवकऱ्यांनीं त्यांस आपल्या घरांत ठेवून घेतलें. ही रीत आज शेंकडों वर्षें चालली आहे. १९३८ च्या सुमारास त्या एका गांवीं साडेतीन हजारांहून अधिक असे पाहुणे घरोघरीं राहत होते; आतां ती संख्या फारच घटली आहे, तरी रीत मोडलेली नाहीं. त्या गांवकऱ्यांना मानसशास्त्र येत नव्हतें. पाहुणा भिंतीशीं बोलूं लागला तर ते दचकत नसत, आणि गाईला चारा घालण्याचें काम त्याला सांगत. एवढीच त्यांची विद्या.

आम्ही गीलचें नांव काढलें, कारण आम्हांस आपल्या या धर्मग्रामाकडे कांहीं मागावयाचें आहे.

बिथरलेल्या मुलाची आई मिसेला येत नाहीं. का येत नाहीं, हें आपण कधीं विचारलें आहे काय? मूल मध्येंच किंकाळी फोडतें, पुढच्या बाकांवरील माना मागें वळतात, कोणी दबलेल्या आवाजांत म्हणतें, "जरा बाहेर घेऊन जा ना!" दोन रविवार ती सोसते, तिसऱ्या रविवारीं घरीं राहते. मग लोक म्हणतात, तिची श्रद्धा कमी झाली. अशा एका आईनें आम्हांस सांगितलें, कीं गेल्या सहा वर्षांत ती कोणाच्या लग्नाला जेवावयास बसली नाहीं, कारण मुलाला धरून उभें राहावें लागतें. या आईला उपदेश नको आहे; उपदेश तिला रिक्षावाल्यापासून सासूपर्यंत सर्वांनीं केला आहे. तिला रविवारीं दोन तास हवे आहेत. कोणी तरी ओळखीचें माणूस घरीं येऊन मुलाजवळ बसावें आणि तिनें निश्चिंतपणें मिसेला जावें, बाजार करावा, किंवा नुसतें झोंपावें. आपल्या महिलामंडळांतील चार-सहा भगिनींनीं पाळीपाळीनें हें काम पत्करलें, तर कसें बसावें, काय बोलावें, मूल चिडलें तर काय करावें, हें शिकविण्यास आम्ही तयार आहों.

शिकण्यासारखें फार नाहीं. मूल भडकलेलें असतांना त्याच्याशीं वाद घालूं नये. त्या वेळीं त्याचे कान बंद असतात. एक हात अंतरावर, जरा बाजूला वळून उभें राहावें. समोर छाती काढून उभें राहिलें कीं तें झुंज समजतें. आपला आवाज त्याच्या आवाजाहून खालीं न्यावा. शब्द थोडे वापरावे. टोंकदार वस्तु मुकाट्यानें उचलून ठेवाव्या. वादळ ओसरल्यावर लगेच न्यायनिवाडा करूं नये, पाणी द्यावें. आणि त्यानें एखादी गोष्ट बरी केली, कीं त्याच क्षणीं ती नांव घेऊन सांगावी. "शहाणा आहेस" असें मोघम नव्हे, "तूं दार हळूं लावलेंस" असें. हें सांगावयास सोपें आहे. आम्हां स्वतःला तें दर वेळीं साधतें असें नाहीं. गेल्या पावसाळ्यांत एका मुलीनें आमच्या मनगटाला कडकडून चावा घेतला, तेव्हां आमच्या तोंडून जो शब्द गेला तो आम्हांस येथें उच्चारतां येणार नाहीं. ती मुलगी आठवडाभर तोच शब्द आपल्या बाहुलीला म्हणत होती.

दुसरी मागणी धर्मशिक्षणाच्या वर्गाविषयीं आहे. त्या वर्गांतून काढलेलीं दोन मुलें आम्हांस ठाऊक आहेत. तेथील शिक्षकांना आम्ही दोष देत नाहीं. तीं तरुण मुलेंमुली आपला रविवार फुकट देतात आणि त्यांना कोणीं कांहीं शिकविलेलें नाहीं. त्यांना आम्ही दोन संध्याकाळ मागतों. वर्गाच्या दाराजवळचा एक बाक मोकळा ठेवावा. ढोलताशांच्या दिवशीं त्या मुलांना मागच्या अंगणांत उभें राहूं द्यावें. कित्येकांच्या कानांना तो आवाज खरोखरच दुखतो. आणि नऊ वर्षांच्या ज्या मुलाची हकीकत आम्ही सांगितली, त्याच्यासारख्याला प्रार्थना मोठ्यानें वाचावयास लावूं नये. त्याला ती पाठ येते का, तें विचारावें. त्या मुलाला प्रणाममारिया पाठ येत होती. कोणीं विचारलीच नव्हती.

फादरांनीं कृपा करून देवळामागची छोटी खोली आम्हांस दिली आहे. पुढच्या महिन्यापासून पहिल्या व तिसऱ्या रविवारीं, दुसऱ्या मिसेनंतर अकरा वाजेपर्यंत आम्ही तेथें बसूं. ज्यांस मुलाविषयीं विचारावयाचें असेल त्यांनीं यावें. शुल्क नाहीं, आणि दाराशीं नांव लिहून घेण्याची वही नाहीं. खोलीला मागच्या वाडीकडून दुसरें दार आहे. ज्यांना पुढच्या दारानें येण्यास संकोच वाटत असेल त्यांच्यासाठीं तें उघडें ठेवूं. महिलामंडळाच्या ज्या भगिनींस रविवारचे दोन तास देतां येतील, त्यांनीं आजच जेवणापूर्वीं अध्यक्षबाईंकडे आपलें नांव द्यावें.